शिधा, चारा आणि झर्क्सीजची फौज : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीत तीनशेच वीर लढले का, हा प्रश्न मी दोन ओळींत निकालात काढला होता. वाचकांना तो निकाल मान्य नाही, हे आलेल्या पत्रांवरून दिसतं. म्हणून या वेळचं सदर इराणी बादशहांनी ग्रीसवर केलेल्या स्वाऱ्यांनाच देऊन टाकलं आहे. नव्या वाचकांसाठी एवढं सांगतो, की माझी नोकरी लष्कराच्या रसदखात्यात झाली. लढाईची गोष्ट सुरू झाली की लोक सेनापतीचं नाव विचारतात आणि मी कोठारं कुठे होती ते विचारतो. ही खोड आता जाणार नाही. चालवून घ्यावी.

प्रश्न : इराणचा बादशहा झर्क्सीज याने इ.स.पू. ४८० मध्ये ग्रीसवर पन्नास लाखांची फौज नेली असं हिरोडोटस सांगतो. हे खरं मानायचं का?

नाही. पण उडवूनही लावायचं नाही, कारण हिरोडोटस, म्हणजे या युद्धांचा इतिहास लिहिणारा ग्रीक, हिशेब मांडून दाखवतो आणि हिशेब मांडणाऱ्या माणसाशी वाद घालता येतो.

त्याचा आकडा असा आहे : लढणारे २६,४१,६१० आणि त्यांच्याइतकेच नोकरचाकर, खलाशी व बाजारबुणगे. बेरीज ५२,८३,२२०. नुसतं आशियातून आलेलं पायदळ १७ लाख. ते मोजलं कसं, तेही तो सांगतो. थ्रेसमधल्या (ग्रीसच्या ईशान्येचा मुलूख) डोरिस्कसच्या मैदानावर दहा हजार माणसं खेटून उभी केली, त्यांच्याभोवती रेघ मारली, रेघेवर बेंबीपर्यंत येईल अशी भिंत घातली. मग ते कुंपण भरायचं, रिकामं करायचं, पुन्हा भरायचं. १७० वेळा.

आता ही माणसं रस्त्यावर उतरवून पाहू. ५२ लाख लोक पाच-पाचच्या रांगेत चालवले आणि दोन रांगांत दीड मीटर अंतर ठेवलं, तर तांड्याची लांबी दीड हजार किलोमीटरच्या वर जाते. म्हणजे आघाडीची तुकडी थर्मोपिलीला भिडली तेव्हा पिछाडी अजून आशियातच होती. यात घोडे, उंट, खेचरं, गाडे धरलेले नाहीत.

दाण्याचा हिशेब तर हिरोडोटसने स्वतःच केला आहे. माणशी रोज एक खोइनिक्स गहू धरला, म्हणजे साधारण एक लिटर. अशा ४८ खोइनिक्सचा एक मेडिम्नोस. त्यावरून रोजचा खर्च १,१०,३४० मेडिम्नोस येतो, असं तो लिहितो. मी भागाकार करून पाहिला, तो १,१०,०६७ च्या आसपास येतो. कारकुनाने अशी बेरीज आणली असती तर मी परत पाठवली असती, पण अडीच हजार वर्षांनी एवढं माफ करायला हरकत नाही. ही रक्कम आजच्या मापात चार हजार टनांच्या वर जाते. खेचराच्या पाठीवर शंभर किलो लादलं, तर एका दिवसाच्या गव्हाला चाळीस हजारांहून जास्त खेचरं लागतील. त्या खेचरांनाही तोंड आहे.

आजचे अभ्यासक बहुतेक एक लाख ते तीन लाख या टापूत थांबतात, काही त्याच्याही खाली उतरतात. माझं मत खालच्या आकड्याकडे झुकतं आणि त्याचं कारण पाणी. फौज वाटेत नद्या पिऊन कोरड्या करत गेली, असं हिरोडोटस पुनःपुन्हा सांगतो. लोकांना ही अतिशयोक्ती वाटते. उन्हाळ्याच्या अखेरीस त्या भागातले ओढे किती बारीक होतात ते ध्यानात घेतलं, तर लाखभर माणसं आणि त्यांची जनावरं एवढा पराक्रम सहज करतील. त्यासाठी पन्नास लाख लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र इराण्यांच्या पदरात टाकली पाहिजे. ही फौज लूटमारीच्या भरवशावर निघाली नव्हती. किनाऱ्यालगत आधीच कोठारं भरून ठेवली होती : थ्रेसमध्ये ल्यूके आक्ते, डोरिस्कस, स्ट्रायमन नदीवरचं एइओन आणि पुढे मॅसेडोनियात. दाणा आशियातून जहाजांनी आणला. शिवाय वाटेतल्या शहरांना बादशहाच्या जेवणाची वर्दी महिने महिने आधी गेलेली. थॅसोस बेटावरच्या लोकांना या एका मेजवानीपायी ४०० टॅलेंट (हे तेव्हाचं मोठं वजन) चांदी मोजावी लागली. अब्डेराचा मेगाक्रिऑन गावकऱ्यांना म्हणाला, बायकापोरांसह देवळात जा आणि देवांचे आभार माना, की झर्क्सीज दिवसातून एकदाच जेवतो. तो दुपारीही जेवत असता, तर अब्डेरा उठून गेलं असतं.

प्रश्न : हे सगळं ग्रीकांनी लिहिलेलं. इराणच्या बाजूचं काहीच उरलेलं नाही का?

एका शिक्षिकाबाईंचा हा प्रश्न आहे आणि तो आला म्हणून मला फार बरं वाटलं.

या स्वारीची हकिगत सांगणारा एकही इराणी ग्रंथ किंवा शिलालेख उरलेला नाही. झर्क्सीजच्या एका शिलालेखात त्याच्या ताब्यातल्या मुलखांची यादी आहे, तिच्यात समुद्राच्या अलीकडचे आणि पलीकडचे ग्रीक दोन्ही आहेत. पराभवाचा शब्द नाही. बादशहा तो कोरून ठेवणार तरी कशाला? खूप पुढे, रोमन काळात, डिओ क्रिसोस्टोम नावाच्या वक्त्याने एका इराण्याच्या तोंडची कैफियत नोंदवली आहे : झर्क्सीज ग्रीसवर गेला, त्याने थर्मोपिलीला स्पार्टावाल्यांना हरवून त्यांचा राजा मारला, अथेन्स घेऊन जाळलं, जे पळाले नाहीत त्यांना गुलाम केलं, खंडणी बसवली आणि घरी आला. यातली खंडणी सोडली तर फारसं खोटं काही नाही. फक्त गोष्ट सोयीच्या जागी थांबवली आहे.

पण इराणने दुसरं काही मागे ठेवलं आहे आणि माझ्या दृष्टीने ते शिलालेखांहून मोलाचं आहे. १९३३ मध्ये पर्सेपोलिस या इराणी राजधानीच्या तटबंदीत मातीच्या हजारो पाट्या सापडल्या. बहुतेक ईलामी भाषेत, झर्क्सीजचा बाप दरायस बादशहा याच्या कारकिर्दीतल्या, इ.स.पू. ५०९ ते ४९३ च्या दरम्यानच्या. त्यांत ना लढाई, ना स्तुती. अमक्या प्रवाशाला इतकं पीठ दिलं, तमक्या मजुराला इतके जव, घोड्यांना इतका दाणा, परवाना अमक्या अधिकाऱ्याचा, खाली शिक्का. सूसाहून हिंदूशकडे, म्हणजे सिंधूच्या मुलखाकडे, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या शिध्याच्याही नोंदी आहेत. प्रवाशाला रोजचं पीठ सहसा दीड 'का' आणि त्याच्या नोकराला एक 'का'. हे 'का' नावाचं माप सुमारे एक लिटरचं.

आता वरच्या उत्तरातला हिरोडोटसचा दर पाहा : माणशी एक लिटर. पर्सेपोलिसचं दप्तर त्याने पाहिलेलं असणं शक्य नाही, तरी शिध्याचा दर दोन्हीकडे जवळजवळ जुळतो. चूक दरात नव्हती, हजेरीपटात होती. ज्या राज्यात एका नोकराच्या लिटरभर पिठाची पावती फाडली जाते आणि सार्डिस ते सूसा या सुमारे अडीच हजार किलोमीटरच्या रस्त्यावर १११ मुक्कामाची ठाणी असतात, ते राज्य ग्रीसपर्यंत फौज नेऊ शकतं, यात मला नवल वाटत नाही.

प्रश्न : झर्क्सीजने समुद्राला चाबकाचे फटके मारले, ही गोष्ट खरी का? असा वेडा माणूस एवढं राज्य कसं चालवत होता?

फटक्यांची गोष्ट हिरोडोटसची आहे. आशिया आणि युरोप यांच्यामधल्या हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर बांधलेला पहिला पूल वादळात तुटला, तेव्हा बादशहाने पाण्याला ३०० फटके मारवले, बेड्यांची जोडी आत टाकली आणि पूल बांधणाऱ्यांची डोकी उडवली. डोकी उडवल्याचं मला पटतं, बाकीचं ग्रीकांच्या आवडीचं आहे. त्यांच्या मते समुद्राला जमीन करणं हाच मोठा गुन्हा. त्यावर असा मसाला बसतोच.

पण नंतर बांधलेले दोन पूल पाहा. एकाखाली ३६० जहाजं आणि दुसऱ्याखाली ३१४, नांगर टाकून उभी. त्यांच्यावरून काठापासून काठापर्यंत ताणलेले दोरखंड : प्रत्येक पुलाला दोन जवसाच्या वाखाचे आणि चार पपायरसचे. त्यावर फळ्या, फळ्यांवर झाडोरा, झाडोऱ्यावर माती चोपून बसवलेली. लहान होड्या काळ्या समुद्राकडे जाव्यात-याव्यात म्हणून मध्ये वाटा मोकळ्या सोडलेल्या. दोन्ही कडांना कुंपण, कारण पाणी दिसलं की घोडी आणि ओझ्याची जनावरं बिचकतात. हे कुंपण ज्याला सुचलं त्याने जनावरं पाण्यापार नेलेली होती, यावर मी पैज लावायला तयार आहे. फौज सात दिवस आणि सात रात्री ओलांडत होती.

अॅथोसच्या कालव्याचंही तसंच. इ.स.पू. ४९२ मध्ये इराणी सेनापती मार्डोनियसचं आरमार अॅथोसच्या टोकाला वादळात फुटलं होतं. म्हणून या वेळी द्वीपकल्पाची मान कापून दोनेक किलोमीटरचा कालवा काढला. हिरोडोटस याला बादशहाचा दिमाख म्हणतो. इतर तुकड्यांनी खणलेल्या भिंती कोसळत होत्या, पण फिनिशियन लोकांनी वरचा खणाव दुप्पट रुंद ठेवून उतार धरला, त्यामुळे त्यांची बाजू टिकली, हेही तोच लिहितो. कालवा खरोखर झाला होता का यावर बराच काळ शंका घेतल्या जात. १९९० च्या दशकात जमिनीत कंपनलहरी सोडून तपास केला, तेव्हा बुजलेला कालवा खाली सापडला.

वेडा माणूस इतक्या पुढचं बघत नाही. झर्क्सीजचे दोष वेगळे होते, ते पुढे सालामिसच्या लढाईच्या उत्तरात येतील.

प्रश्न : थर्मोपिलीला ३०० वीरच लढले ना? मागच्या अंकात आपण "तीनशे नव्हते" एवढंच लिहून मोकळे झालात.

मोकळा झालो, कारण हा विषय काढला की मला राग येतो. आता सविस्तर लिहितो.

राजा लिओनिडासबरोबर स्पार्टाचे ३०० होते. त्याशिवाय पेलोपोनीजमधल्या (ग्रीसचं दक्षिणेकडचं द्वीपकल्प) इतर शहरांचे २,८०० : टेगिया, मँटिनिया, कॉरिंथ, फ्लियस, मायसिनी, आर्केडियातली गावं. थेस्पियाचे ७००, थीब्जचे ४००, डोंगरवाटेवर फोकिसचे १,०००, वर स्थानिक लोक्रिसचे लोक. म्हणजे पाच हजारांच्या वर. स्पार्टाच्या हेलट गुलामांना तर कुणी मोजायच्या फंदातच पडलं नाही.

ही जागा निवडण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे : एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधला रस्ता अरुंद. दुसरं कारण कमी सांगितलं जातं. जवळच्याच अल्पेनी गावातून फौजेला दाणा मिळेल, हेही ग्रीकांनी आधी ठरवलं होतं. तिसरं कारण म्हणजे आर्टेमिसियमजवळची सामुद्रधुनी. तिथे ग्रीक आरमार उभं होतं आणि खिंड सोडली असती तर त्याची बाजू उघडी पडली असती. खिंड आणि सामुद्रधुनी ही एकच आघाडी होती. नुसती खिंडीची गोष्ट सांगणारा अर्धीच सांगतो. खवळलेल्या समुद्राने त्याच दिवसांत इराणी आरमाराची शेकडो जहाजं खडकांवर फोडली, ते नुकसान खिंडीतल्या नुकसानापेक्षा भारी पडलं.

दोन दिवस खिंड टिकली. मग ट्राकिसच्या एफियाल्टीसने डोंगरावरची वाट दाखवली. इराणी सरदार हायडार्नीस रात्री आपली माणसं घेऊन त्या वाटेने चढला. पहाटे फोकिसच्या पहारेकऱ्यांना पायांखाली ओकची पानं चुरडल्याचा आवाज आला आणि ते गडबडीने शस्त्रं चढवू लागले. बाणांचा वर्षाव सुरू झाला तसे ते टेकडीवर चढून मरायला तयार होऊन बसले. हायडार्नीसने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, तो पुढे उतरला. जिथे वाट अडवायची होती तिथे फोकिसवाले स्वतःचं स्मारक उभारायला गेले.

तिसऱ्या दिवशी लिओनिडासने बहुतेकांना परत पाठवलं. स्पार्टावाले राहिले, थीब्जवाले राहिले आणि डेमोफिलसच्या हाताखालचे थेस्पियाचे ७०० राहिले. स्पार्टाने शहरातून ३०० पाठवले होते, घरी हजारो शिल्लक होते. थेस्पिया हे छोटं गाव, तिथल्या घराघरांतून माणूस आलेला. ते सगळे मेले. इराण्यांनी पुढे जाऊन त्यांचं गावही जाळलं. आणि तरीही पुढच्या वर्षी प्लाटियाच्या रणांगणावर थेस्पियाचे १,८०० लोक हजर झाले, अंगावर चिलखत-ढालीचा भारी सरंजाम नसताना. लिओनिडासचा पुतळा खिंडीत १९५५ पासून उभा आहे. थेस्पियावाल्यांच्या स्मारकाला १९९७ साल उजाडावं लागलं.

एका वाचकाने विचारलं आहे की ती खिंड फोटोत रुंद कशी दिसते. स्पर्खिऑस नदीने गाळ आणून समुद्र काही किलोमीटर मागे हटवला आहे.

प्रश्न : सालामिस बेटाजवळच्या समुद्री लढाईत कमी जहाजं असून ग्रीक कसे जिंकले? ही थेमिस्टोक्लीजची हुशारी की नशीब?

सुरुवात तीन वर्षं आधीपासून करावी लागेल. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास अथेन्सच्या मुलखातल्या लॉरियनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला. अथेन्सच्या सभेत प्रस्ताव आला की ती नागरिकांत वाटून टाकावी, माणशी दहा द्राख्मा. अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीज याने सभेला पटवलं की त्या पैशातून जहाजं बांधू. इराणचं नाव घेतलं असतं तर लोकांना ते लांबचं वाटलं असतं. त्याने समोर दिसणाऱ्या एजिना बेटाशी चाललेल्या भांडणाचं कारण पुढे केलं. हिरोडोटसच्या म्हणण्याप्रमाणे २०० ट्रायरीम बांधल्या गेल्या. हातात येणारे दहा द्राख्मा सोडायला सभा राजी झाली, हा मला सालामिसपेक्षा अवघड विजय वाटतो.

ट्रायरीम म्हणजे काय ते नीट समजून घ्यावं. लांबी ३७ मीटरच्या आसपास, तीन मजल्यांत १७० वल्हेकरी, वर खलाशी आणि सैनिक धरून २०० माणसं. एवढ्या माणसांत सामानाला जागाच उरत नाही. दाणापाणी ठेवता येत नाही, झोपता येत नाही. रोज किनाऱ्याला लागायचं, शिजवायचं, पाणी भरायचं. १९८७ मध्ये ग्रीसमध्ये 'ऑलिम्पियास' नावाची हुबेहूब ट्रायरीम बांधून समुद्रात चालवली. तिच्यावर लक्षात आलं की जोरात वल्हवणाऱ्या माणसाला तासाला एक लिटर पाणी लागतं. १७० जणांचं गणित वाचकांनी मांडावं. मग ते शेकडो जहाजांनी गुणावं.

अथेन्स रिकामं केलं होतं. बायकामुलं ट्रॉयझेन, एजिना आणि सालामिसला गेली. ट्रॉयझेनने त्यांना रोजचा भत्ता दिला आणि मुलांनी कुणाच्याही बागेतली फळं तोडावीत असा ठराव केला, असं पुढच्या काळातला ग्रीक लेखक प्लूटार्क सांगतो. इराण्यांनी अॅक्रोपोलिस जाळलं. सालामिसच्या किनाऱ्यावर ग्रीक सेनापती भांडत होते. पेलोपोनीजवाल्यांना कॉरिंथच्या चिंचोळ्या भूमीकडे निघायचं होतं. कॉरिंथच्या अडाइमँटसने थेमिस्टोक्लीजला सुनावलं, ज्याला शहरच नाही त्याने बोलू नये.

मग सिकिनसची गोष्ट. हा थेमिस्टोक्लीजच्या मुलांना सांभाळणारा गुलाम. तो होडीने इराण्यांकडे गेला आणि निरोप दिला : ग्रीक रात्री पळणार आहेत, अडवा. झर्क्सीजने तो निरोप खरा मानला आणि रात्रीच आरमार हलवून बाहेरच्या वाटा रोखल्या. लोक या कावेबाजपणाचं कौतुक करतात आणि त्या रात्रीचा विचार करत नाहीत. इराणी आरमारातले हजारो वल्हेकरी रात्रभर बाकांवर होते, वल्हं हातात, न आलेल्या शत्रूची वाट पाहत. ग्रीक वल्हेकरी किनाऱ्यावर होते, पाण्याच्या जवळ. सकाळी चिंचोळ्या सामुद्रधुनीत जे समोरासमोर आले, त्यांतल्या एका बाजूची रात्र बाकांवर गेलेली होती. पुढच्या रांगा मागे फिरायला लागल्या, मागच्या बादशहाच्या नजरेत भरायला पुढे रेटत होत्या आणि जहाजं एकमेकांवर आपटली.

नजरेत भरायला, कारण झर्क्सीज समोरच्या एगालिओस डोंगराच्या पायथ्याशी बसून पाहत होता, शेजारी लेखनिक नावं टिपत होते. माझ्या मते त्याचा दोष हा. ज्याचं राज्य पावत्यांवर चालतं त्याने लढाईतही शाबासकीच्या नोंदी ठेवल्या आणि आपलीच माणसं दाटीत ढकलली. हालिकार्नॅससची राणी आर्टेमिसिया तेवढी शहाणी. समुद्रावर लढू नका, असं तिने आधीच सांगितलं होतं. लढाईत एक अथेनियन जहाज मागे लागलं तेव्हा तिने आपल्याच बाजूच्या एका जहाजाला धडक मारून बुडवलं. अथेनियनाला वाटलं ही आपलीच, त्याने पाठलाग सोडला. बादशहाला वाटलं तिने शत्रू बुडवला, त्याने वाहवा केली.

पराभवानंतर झर्क्सीज घाबरून पळाला असं सांगतात. फौज तर शाबूत होती. पण सप्टेंबर संपत आला होता, समुद्र बंद व्हायचे दिवस होते आणि ज्या आरमाराने दाण्याच्या जहाजांची राखण करायची ते मोडलं होतं. म्हणून मार्डोनियसला निवडक फौज देऊन थेसलीत ठेवलं, कारण थेसलीत धान्य होतं, आणि उरलेल्यांना परत नेलं. हेलेस्पाँटपर्यंत ४५ दिवस लागले. वाटेत गवत, झाडांची साल, पाला, जे मिळेल ते खाल्लं. हगवणीने माणसं गेली. पुढे अबायडोसला भरपूर अन्न मिळालं, तेव्हा अधाशासारखं खाऊन आणखी मेली. येताना भरलेली कोठारं जाताना रिकामी असतात, एवढा साधा धडा ज्याच्या पाट्यांवर घोड्याचा दाणासुद्धा लिहिलेला असतो त्याला कुणी सांगितला नाही, हे मला आजही उमगत नाही.

प्रश्न : मॅरेथॉनहून धावत आलेला धावपटू "आपण जिंकलो" म्हणून मेला, तो कोण?

इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनला इराण्यांशी झालेल्या लढाईबद्दल लिहिताना हिरोडोटस अशा धावेचा उल्लेखही करत नाही. त्याच्या हकिगतीतला धावपटू फिलिप्पिडीस लढाईच्या आधी अथेन्सहून स्पार्टाला मदत मागायला धावला. ती वाट सुमारे २४० किलोमीटर आणि तो दुसऱ्या दिवशी पोचला. स्पार्टावाले म्हणाले, पौर्णिमेपर्यंत निघता येत नाही. ते आले तेव्हा लढाई संपली होती, मग त्यांनी मेलेले इराणी पाहिले आणि अथेन्सची तारीफ करून परत गेले. मरणाऱ्या धावपटूची गोष्ट कित्येक शतकांनंतरची आहे. १९०८ च्या लंडन स्पर्धेत पहिल्यांदा धावलेलं ४२.१९५ किलोमीटर अंतरही मॅरेथॉनच्या रस्त्यावरून आलेलं नाही.

प्रश्न : झर्क्सीजच्या फौजेत हिंदी सैनिक होते का?

होते. कापसाचे कपडे, वेताची धनुष्यं, वेताचेच बाण आणि त्यांना लोखंडी टोकं. फार्नाझाथ्रीस नावाच्या इराणी सरदाराच्या हाताखाली ते आले होते. गांधारचे लोक वेगळ्या तुकडीत होते. झर्क्सीज परतला तेव्हा मार्डोनियसने हिंदी सैनिक मागे ठेवून घेतले आणि प्लाटियाला ते लढाईच्या रांगेत उभे होते. फौजेबरोबर हिंदी कुत्रेही बरेच होते. बाबिलोनमधल्या इराणी सुभेदाराकडे तर इतके हिंदी कुत्रे होते, की त्यांच्या खाण्याचा भार चार गावांवर टाकून बाकीचे कर माफ केले होते.

प्रश्न : सगळा ग्रीस एक झाला म्हणून इराण हरलं, असं म्हणणं बरोबर आहे ना?

सगळा ग्रीस एक झाला नव्हता. थेसली इराणच्या बाजूला गेली आणि थर्मोपिलीला ४०० माणसं पाठवणारं थीब्जही पुढे तिकडेच गेलं. अर्गोस गप्प बसलं. कॉर्सिराने ६० जहाजं पाठवली, ती पेलोपोनीजच्या टोकाशी रेंगाळली आणि नंतर वाऱ्याचं निमित्त सांगितलं. आशियाच्या किनाऱ्यावरचे आयोनियन ग्रीक तर झर्क्सीजच्याच आरमारात होते. सिसिली बेटावरच्या सिराक्यूजचा सत्ताधीश गेलॉन याने २०० ट्रायरीम, २०,००० पायदळ आणि युद्ध संपेपर्यंत सगळ्या ग्रीक फौजेचा दाणा द्यायची तयारी दाखवली होती, फक्त सेनापतिपद मागितलं. स्पार्टा आणि अथेन्स दोघांनी नाही म्हटलं. मी त्या बैठकीत असतो तर दाण्याचं वाक्य पुन्हा एकदा वाचून दाखवा म्हटलं असतं.

त्या दाण्याची किंमत इ.स.पू. ४७९ मध्ये प्लाटियाला कळली. पेलोपोनीजहून धान्य घेऊन येणारी ५०० जनावरं किथेरॉनच्या घाटात इराणी घोडेस्वारांनी पकडली. असोपस नदीवर बाणांमुळे जाता येईना, म्हणून सारी फौज गार्गाफियाच्या झऱ्यावर पाणी भरत होती, तोही स्वारांनी नासवला. पाणी नाही, भाकर नाही. ग्रीकांनी रात्री मागे सरकायचं ठरवलं आणि त्यात सगळा गोंधळ झाला. स्पार्टाचा एक नायक मागे हटायला तयारच होईना, त्यातच उजाडलं.

इराण्यांच्या बाजूला आर्टाबाझसने मार्डोनियसला नीट सल्ला दिला होता : थीब्जच्या तटात चला, तिथे माणसांना धान्य आहे, जनावरांना चारा आहे, आणि आपल्याकडचं सोनं ग्रीक पुढाऱ्यांत वाटा, लढावं लागणारच नाही. थोडे दिवस धीर धरला असता तर ग्रीक फौज भुकेनेच पांगली असती, असं मला वाटतं. मार्डोनियसला ग्रीक पळताना दिसले आणि तो पांढऱ्या घोड्यावर बसून नदी ओलांडून धावला. तो मारला गेला, त्याची फौज मोडली. आर्टाबाझस आपली ४०,००० माणसं घेऊन, लढाईत न पडता, आशियाच्या वाटेला लागला.

लुटीच्या दहाव्या हिश्शातून ग्रीकांनी डेल्फीच्या देवळाला सोन्याची तिवई वाहिली, तिच्याखाली तीन सापांचा पिळलेला काशाचा खांब. सोनं पुढे फोकिसवाल्यांनी वितळवलं, खांब रोमन बादशहा कॉन्स्टँटाइनने आपल्या राजधानीत नेला. तो आज इस्तंबूलच्या जुन्या घोडशर्यतीच्या मैदानावर उभा आहे, सापांची डोकी नाहीत. वेटोळ्यांवर ३१ शहरांची नावं आहेत. शेकडो ग्रीक शहरांपैकी एवढीच. थेस्पिया त्यांत आहे. टेनोस हे लहानसं बेटही आहे, कारण सालामिसच्या आदल्या रात्री त्यांचं एक जहाज इराणी आरमारातून फुटून आलं आणि वेढा पडल्याची पक्की खबर त्याने दिली. या स्मारकावर प्लाटियाचा सेनापती पॉसेनियसने आधी स्वतःच्याच नावाचा दुपदी श्लोक कोरून घेतला होता. स्पार्टाने तो खरवडून काढला आणि शहरांची नावं घातली.